कागदाचे दात

आमच्या आबांना बैल घ्यायचा असला की अख्खा दिवस जायचा. सकाळी भाकरी बांधून पारोळ्याच्या गुरांच्या बाजारात जायचं आणि दिवस मावळताना परत यायचं. कधी बैल घेऊन, कधी नुसतेच. मी दहा-बारा वर्षांचा असेन, त्यांच्या मागे मागे फिरायचो. आबा आधी लांबूनच बैल बघत. मग जवळ जाऊन ओठ वर करून दात बघत. दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला. खांद्यावरून हात फिरवत, जू घासून गाठ आली असली तर बोटांना कळायची. डोळ्यांसमोर हात हलवत. मालकाला म्हणत, जरा चालव. चालवून झाला की म्हणत, आता गाडीला जुंप, चाक बांध आणि ओढायला लाव. मालक वैतागायचा. आबांना त्याचं काही नसे.

बाजारात म्हाताऱ्या बैलाची शिंगं साळून, तेल चोपडून त्याला तरणा म्हणून उभा करणारे व्यापारी असत. त्या चकचकीत शिंगांकडे आबा बघतच नसत. मला म्हणत, "शिंगं मानूस बनाडस, दात देव बनाडस." शिंगं माणूस घडवतो, दात देव घडवतो. तेव्हा मला ती गंमत वाटायची.

हे सगळं सांगायचं कारण असं की, त्याच आबांचा शिकलेला मुलगा, म्हणजे मी, जिल्हा परिषदेच्या शाळेतला गुरुजी, २०११ च्या उन्हाळ्यात पन्नास हजार रुपये एका कागदावर देऊन बसलो. त्या कागदाचा ओठ वर करून बघायला मला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत, कारण मी तो वर केलाच नाही. आणि माझे पन्नास हजार गेले याचं मला आज फारसं काही वाटत नाही. वाटतं ते शेजारच्या जिजीच्या चाळीस हजारांचं. ते माझ्या शब्दावर गेले.

झालं असं. माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. चौथीपर्यंत माझ्याकडे होता, गणितात बरा, स्वभावानं गरीब. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात चामडी बॅग. पाया पडला. चहा झाला. मग बॅगेतून त्यानं एक रंगीत पुस्तिका काढली. कुठल्याशा कंपनीची जमिनीची योजना होती. आपण पैसे भरायचे, कंपनी जमिनी घेणार, विकसित करणार, आणि साडेपाच वर्षांनी दुप्पट देणार. जमीन नको असेल तर पैसे. कंपनी दिल्लीला रजिस्टर, तालुक्याला ऑफिस, भिंतीवर प्रमाणपत्रं टांगलेली.

माझी घरातली दारात उभी होती. ती म्हणाली, "इतला पैसा त्या कोठून देतीन?" एवढा पैसा ते देतील कुठून? साधा प्रश्न. मी हसून म्हणालो, "तुला काय समजतं त्यातलं." पोरगाही हसला. आता विचार करतो तर त्या दिवशी त्या घरात तेवढा एकच प्रश्न विचारला गेला होता, आणि तो मीच गप्प केला.

लोक म्हणतात, माणूस फसतो तो हावेपोटी. माझ्यापुरतं सांगतो, ते पूर्ण खरं नाही. साडेपाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण तेरा टक्के. त्या काळात बँकेत मुदत ठेवीला नऊच्या आसपास मिळायचे. म्हणजे कोणी मला सहा महिन्यांत दामदुप्पट सांगितली नव्हती. तशी सांगितली असती तर मीही हाकलून दिलं असतं. बँकेपेक्षा थोडंच जास्त, शहाण्या माणसाला पटेल एवढंच. ज्यानं ती योजना आखली त्याला माहीत होतं की गावात हावरट थोडे असतात आणि काटकसरी पुष्कळ. जाळं काटकसरी माणसाच्या मापाचं विणलेलं होतं.

आता जिजीचं. जिजी म्हणजे आमची शेजारीण. नात्यातली नाही, पण गल्लीतले सगळे तिला जिजीच म्हणतात. आदल्या वर्षी तिचा मालक गेला. शेत बटाईनं दिलं, मग बैलजोडी दारात ठेवून काय करायची म्हणून तिनं ती विकली. त्यातले चाळीस हजार तिनं पोरीच्या लग्नासाठी बाजूला ठेवले होते. गल्लीतल्या बायकांची भिशी ती चालवायची. महिन्याला दहा जणींचे पैसे गोळा करायचे आणि चिठ्ठी निघेल तिला द्यायचे. एवढ्या वर्षांत तिच्या भिशीतला एक रुपया इकडचा तिकडे झाला नव्हता. म्हणजे बाई व्यवहाराला कच्ची नव्हती. मी पैसे भरले हे तिला कळलं तशी ती चाळीस हजार पदरात बांधून माझ्याकडे आली.

मी म्हणालो, "जिजी, त्या पोराला विचारून घ्या एकदा, काय काय आहे ते."

ती म्हणाली, "गुरुजी, तुम्हना पैसा शे ना तठे? मंग मी कसाले विचारू?"

तुमचा पैसा आहे ना तिथे, मग मी कशाला विचारू. मी पैसे हातात घेतले. मोजू लागलो तर म्हणाली, मोजायचं काय त्यात. मीही मोजले नाहीत. त्या वेळी मला ते फार मोठं वाटलं. एवढा विश्वास! पगारात हा मान मिळत नाही, असंही मनात आलं.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी बरीच वर्षं कोणाला सांगितली नाही. जिजीनंतर माझ्याकडे बघून गल्लीतल्या आणखी दोघांनी पैसे भरले. महिनाभरानं तो विद्यार्थी आला आणि माझ्या हातात एक खोकं दिलं. आत भिंतीवरचं घड्याळ होतं, खाली कंपनीचं नाव. म्हणाला, "गुरुजी, तुमच्यामुळे तीन मेंबर झाले, म्हणून कंपनीकडून भेट." मी घेतलं. खिळा ठोकून ओट्यावरच्या खोलीत लावलं. मी दलाली खाल्ली असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. भेट होती ना.

२०१४ साली तालुक्याचं ऑफिस बंद झालं. आधी कळलं की साहेब रजेवर आहेत, मग कळलं की जागा बदलतेय, मग शटरवर घरमालकाचं कुलूप दिसलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पर्ल्सचा निकाल आला होता. पर्ल्स म्हणजे पीएसीएल. जमिनीच्याच नावानं तिनं देशभरातून सुमारे ५ कोटी ८५ लाख लोकांकडून ४९ हजार १०० कोटी रुपये गोळा केले होते, आणि सेबीनं ते परत करायचा आदेश दिला. पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला न्यायमूर्ती लोढा यांची समिती नेमावी लागली. आमची कंपनी ती नव्हे. तिच्या चालीनं चालणारी, कुठल्या कुठे लहान. पण पेपरातली ती बातमी वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटत होती. तीच जमीन, तोच एजंट, तीच पावती.

आमच्या जळगाव जिल्ह्याला तरी हे नवं कुठे होतं? पतसंस्थांच्या ठेवी अडकल्यानं हाय खाल्लेली माणसं आम्ही जवळून पाहिली होती. जळगावातच मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेच्या अध्यक्षाला आणि संचालकांना २०१५ मध्ये अटक झाली, संस्थेवर अवसायक आला. लोकांना वाटायचं, नावात पत आहे, काउंटर आहे, पासबुक आहे, म्हणजे बँकच. पण बँकेतली ठेव विमा महामंडळाच्या छत्राखाली असते, २०२० पासून पाच लाखांपर्यंत. पतसंस्थेच्या ठेवीला ते छत्र नाही. किती ठेवीदारांना हा फरक आधी कोणी सांगितला असेल? आणि जखमेवर मीठ असं की, बुडाल्यावर त्याच लोकांच्या ठेवपावत्या कवडीमोलानं विकत घेऊन कर्जदारांनी त्या आपल्या कर्जात पुऱ्या किमतीनं वळत्या केल्या, असा आरोप होऊन २०२० मध्ये पुण्यात गुन्हे दाखल झाले. काही तरी मिळतंय म्हणून पावती देणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दोष कसा द्यायचा?

आमच्याकडे मात्र कोणी ओरडलं नाही. तो विद्यार्थी सुरतेला निघून गेला. त्यानं आपल्या सासऱ्याचे, भावाचे, स्वतःचे सगळे पैसे त्यातच घातले होते. तो लुच्चा नव्हता. त्याला वरच्यानं सांगितलं, त्यानं मला सांगितलं, मी जिजीला. प्रत्येकानं आपल्या आधीच्या माणसाचा चेहरा बघितला. कागदाचे दात कोणीच बघितले नाहीत.

जिजी एवढंच म्हणाली, "तुम्हनं बी गयं ना, गुरुजी." तुमचंही गेलंच ना.

या वाक्यावर मी तीन वर्षं काढली. माझंही गेलं, म्हणजे मी निर्दोष. मला माहीत नव्हतं, म्हणजे मी निर्दोष. माझ्या मनात खोट नव्हती, म्हणजे मी निर्दोष. रात्री त्या घड्याळाचे ठोके ऐकू यायचे आणि मी हीच तीन वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणायचो. जो खरंच निर्दोष असतो त्याला ती इतक्या वेळा म्हणावी लागत नसावीत.

नोकरी करता करता मी बाहेरून बी.ए. केलं होतं, तत्त्वज्ञान घेऊन. आमच्यापासून विसेक किलोमीटरवर अमळनेर. तिथे प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं, तेव्हा त्या गावात या विषयाची माणसं भेटायची. तिथल्या एका जुन्या प्राध्यापकांनी मला क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाचा १८७७ सालचा एक लेख समजावून सांगितला होता. त्यात एक जहाजमालक असतो. जहाज जुनं, दुरुस्तीला आलेलं. पण तपासायचं म्हणजे खर्च. मग तो मनाची समजूत घालतो की, इतक्या फेऱ्या झाल्या, आताही होईल, देव आहे. हळूहळू त्याचा खरोखरच विश्वास बसतो. जहाज बुडतं, माणसं मरतात. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास मनापासून होता, हे कबूल. पण तसा विश्वास ठेवण्याचा त्याला हक्कच नव्हता, कारण त्यानं तो तपासून मिळवला नव्हता. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरी त्याचा दोष तेवढाच राहिला असता.

परीक्षेत मी यावर चांगलं लिहिलं होतं. मार्कही मिळाले. तो जहाजमालक कधी आपल्या ओट्यावर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं.

तरी मी क्लिफर्डशी मनातल्या मनात भांडलो. म्हटलं, साहेब, गावात प्रत्येक गोष्ट तपासत बसलो तर जगणं होईल का? डॉक्टर गोळी देतो ती तपासून खातो का आपण? बियाण्याची पिशवी दुकानदाराच्या भरवशावर घेतो. भिशी विश्वासावरच चालते. आणि सगळ्यालाच नाही म्हणत राहणं हे तरी शहाणपण आहे का? त्याच अमळनेरात १९४५ साली मोहम्मद हशम प्रेमजींनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला. तिथल्या ज्या घरांनी त्या कंपनीचे शेअर घेतले आणि सांभाळून ठेवले, त्यांच्या पुढच्या पिढ्या श्रीमंत झाल्या, कारण त्या कारखान्याचीच पुढे विप्रो झाली. हे आमच्याकडे पोरासोरांना माहीत आहे. माझ्याकडे आलेल्या त्या विद्यार्थ्यानंही तेच सांगितलं होतं, "गुरुजी, अमळनेरवाल्यांनी तेव्हा घाबरून पैसे दिले नसते तर?"

हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. मग एकदा शांतपणे दोन्ही शेजारी ठेवून बघितलं. अमळनेरला कारखाना होता. गेटमधून तेल बाहेर पडताना दिसायचं. पैसा कशातून उगवणार ते डोळ्यांना दिसत होतं. शेअरवर कोणी दर महिन्याला किंवा साडेपाच वर्षांनी ठरावीक रक्कम देण्याची हमी दिली नव्हती, नफाही होऊ शकतो आणि तोटाही. शेजाऱ्याला आणलंस तर घड्याळ देतो, असंही नव्हतं. आणि फळ यायला दोन पिढ्या गेल्या. आमच्या योजनेत यातलं एकही नव्हतं. फक्त शिंगं तेवढी अमळनेरची लावली होती.

तेव्हा आबांची आठवण आली, आणि एक प्रसंग नेमका आठवला. एकदा माझ्या आत्याच्या मालकांचा बैल आबांना घ्यायचा होता. घरचाच माणूस, जेवणं झालेली, पान खाऊन झालेलं. आबा उठले आणि गोठ्यात जाऊन बैलाचे दात बघू लागले. मला लाज वाटली. घरच्या माणसाच्या बैलाचे दात बघायचे? पण आत्याच्या मालकांना काहीच वाटलं नाही. उलट त्यांनीच कंदील जवळ धरला आणि बैलाचा ओठ वर करून दिला.

यात सगळं आलं असं मला वाटतं. बघणाऱ्याला संकोच नव्हता आणि दाखवणाऱ्याला राग नव्हता. दोघांचा एकमेकांवर विश्वास होता, म्हणूनच दात बघता आले. बैल तपासणं म्हणजे माणसावर अविश्वास नव्हे, हे त्या पिढीला पक्कं माहीत होतं. कागद आल्यावर आपण ते विसरलो. आता "पावती दाखव" म्हटलं की भाचा रुसतो, "परवाना कुठला" म्हटलं की मित्र म्हणतो, माझ्यावर भरवसा नाही का. आणि जो असं म्हणतो, तिथेच थांबावं. खरा बैल विकणारा कंदील धरतो.

मग मी कागदाचे दात शिकायला लागलो. निवृत्त माणसाकडे वेळ असतो. शिकलो ते इथे सांगतो, कारण शाळेत मी पोरांना सरळव्याज शिकवलं, चक्रवाढ शिकवलं, पण हे कधी शिकवलं नाही.

पहिला दात माझ्या घरातलीनं दाखवलाच होता: पैसा येणार कुठून? दूध, कापूस, भाडं, कारखाना, काहीतरी सांगता आलं पाहिजे, आणि जाऊन बघता आलं पाहिजे. आधीच्याला नंतरच्याच्या पैशातून द्यायचं, हा खेळ जुना आहे. १९२० साली अमेरिकेत बोस्टनला पोन्झी नावाच्या माणसानं पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के देतो म्हणून लोक जमवले. टपालाच्या कूपनांचा धंदा आहे म्हणायचा. पहिल्यांना खरंच पैसे मिळाले, आणि त्यांनीच गावभर डंका पिटला. म्हणून "अमक्याला मिळाले" हा पुरावा धरू नये. मिळालेले पैसे हाच तिथला चारा असतो.

दुसरा दात परवानगीचा. कंपनी रजिस्टर आहे, पॅन आहे, जीएसटी आहे, हे भिंतीवर टांगतात. पण कंपनी नोंदवणं वेगळं आणि लोकांकडून ठेवी घेण्याची परवानगी वेगळी. मोटारसायकल तुमच्या नावावर आहे म्हणून तुम्हाला प्रवासी बसचा परवाना मिळाला असं होत नाही. लोकांचा पैसा एकत्र करून जमिनीत घालायचा आणि परतावा द्यायचा तर सेबीकडे नोंद लागते. ठेवी घ्यायच्या तर रिझर्व्ह बँकेची किंवा कायद्यात सांगितलेल्या यंत्रणेची परवानगी लागते. पतसंस्था असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या कार्यालयात जाऊन विचारता येतं. रिझर्व्ह बँकेनं २०१६ मध्ये "सचेत" नावाचं संकेतस्थळ काढलं, तिथे बघता येतं आणि तक्रारही करता येते. नातू असेल तर पाच मिनिटांचं काम. मात्र त्यांनीच दिलेल्या नंबरावर फोन करून त्यांचीच चौकशी करू नये. बैल कसा आहे ते बैलवाल्यालाच विचारण्यासारखं ते झालं.

तिसरा दात: पैसे कोणाच्या खात्यात जातात? कंपनीचं नाव एक आणि खातं कुठल्यातरी भलत्याच माणसाचं, असं दिसलं की उठावं. चौथा: आणणाऱ्याला काय मिळतं? हे तोंडावर विचारावं. माझ्या घड्याळाबद्दल मला कोणी विचारलं असतं तर मीच जागा झालो असतो. आणि पाचवा, घाईचा. "आजच शेवटचा दिवस." पेरणीला घाई असते, कापसाच्या वेचणीला असते. पैसे द्यायला घाई फक्त घेणाऱ्याला असते. एक रात्र मध्ये जाऊ द्यावी आणि ज्याला त्यात काही मिळणार नाही अशा एका माणसाला विचारावं.

आता तर एजंटाला घरी यायचीही गरज उरली नाही. व्हॉट्सअॅपवर शेअरचे धडे देणारा ग्रुप येतो, त्यातल्या शंभर जणांना रोज नफा होतो आणि ते शंभरही त्यांचेच असतात. पीएम किसानच्या नावानं फाइल येते, उघडली की मोबाइल त्यांच्या ताब्यात. पोलिसाच्या वेशात कोणी व्हिडिओवर येतो आणि म्हणतो, तुम्हाला डिजिटल अटक झाली. अशी अटक कायद्यात नाहीच. पैसे गेलेच तर लाजत बसू नये, लगेच १९३० वर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. ठेवीदारांसाठी आपल्या राज्यात १९९९ चा कायदा आहे, त्याखाली फसवणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते. म्हणून मूळ पावत्या जपाव्यात. आणि बुडालेले पैसे काढून देतो म्हणून फी मागणारा भेटला तर समजावं, हा दुसरा फेरा.

पण एवढं शिकूनही माझा मूळचा प्रश्न राहिलाच. क्लिफर्डला मी शेवटी असं उत्तर दिलं: प्रत्येकानं प्रत्येक गोष्ट तपासावी हे गावात होणार नाही, होऊही नये. जिजीनं सेबीला विचारावं अशी अपेक्षा मी करणार नाही. पण मग ज्याच्या शब्दावर चार माणसं चालतात त्याच्यावर त्या चौघांचं तपासणं येऊन पडतं. जिजीनं विचारलं नाही, कारण तिला वाटलं की गुरुजींनी विचारलं असेल. तिच्या वाटचं विचारणं तिनं माझ्याकडे ठेवायला दिलं होतं, आणि मी ते न उघडताच परत केलं. मला माहीत नव्हतं, हे खरं. पण माहीत करून घेणं माझ्याकडे होतं. आणि त्या कामाच्या बदल्यात मी मान घेतला होता, वर घड्याळही.

२०१७ च्या आखाजीच्या आठ दिवस आधी मी बँकेतून पैसे काढले आणि जिजीकडे गेलो. घरातलीला आधी विचारलं. ती म्हणाली, "द्या." तेवढंच. बाकीच्या दोघांचं मला पुढच्या दोन वर्षांत जमेल तसं करावं लागलं, एकानं घेतले, एकानं शेवटपर्यंत घेतले नाहीत.

जिजीची पोर सासरहून आखाजीला यायची होती. तिचं लग्न उधारीवर झालेलं, ते फेडता फेडता जिजीचे हात झिजलेले. अंगणातल्या झोक्याची दोरी ती तपासत होती. मी पाकीट पुढे केलं. घड्याळाचं सांगितलं. पहिल्यांदाच. ती काही बोलली नाही. मला वाटलं, नको म्हणेल, राहू द्या गुरुजी म्हणेल, आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात मला ते हवंही होतं.

ती ओट्यावर बसली. पाकीट उघडलं. अंगठा जिभेला लावला आणि नोटा मोजायला लागली. एकदा मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. एक नोट उन्हाकडे धरून बघितली.

मी उभा राहून बघत होतो. सहा वर्षांपूर्वी तिनं मोजायला नको म्हटलं होतं तेव्हा वाटलं होतं त्यापेक्षा आता बरं वाटलं.

"बराबर शेतस," ती म्हणाली, आणि मला चहाला बस म्हणाली.